आईची गोळी थांबवू नका, बाळाला आईपासून तोडू नका: आरोग्य विभागाला खुलं पत्र

प्रति,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन;
महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्था आणि मुंबई जिल्हा एड्स नियंत्रण संस्था;
तसेच राज्यातले स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि लेबर रूम व एसएनसीयूमधल्या (आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षातल्या) परिचारिका यांस

विषय: अफूवर्गीय व्यसनावर उपचार घेत असलेल्या गर्भवती आणि त्यांची नवजात बाळं

स. न. वि. वि.

गर्द (म्हणजे हेरॉइन) सोडून ओएसटी केंद्रातून, म्हणजे एड्स नियंत्रण संस्थांच्या पर्यायी औषधोपचार केंद्रातून, गर्दच्या जागी रोज ब्युप्रेनॉर्फिन हे अफूवर्गीय औषध घेणारी बाई गरोदर राहिली, की दोन गोष्टी हमखास होतात. "बाळाच्या डोक्यावर परिणाम होईल" म्हणून तिची गोळी बंद केली जाते. आणि बाळंत झाल्यावर बाळ थरथरतंय, किरकिर करतंय म्हणून त्याला आईपासून दूर काचेच्या पेटीत ठेवलं जातं. दोन्हीमागे काळजीच असते, पण दोन्हीमुळे बाळाचं नुकसान होतं. आम्ही प्रसूती, नवजात शिशू आणि व्यसनोपचार या विभागांत काम करतो. या दोन सवयी का मोडायला हव्यात आणि त्यांच्या जागी काय करायचं, ते मात्रा-मोजमापांसह सांगावं म्हणून हे पत्र.

आधी मेंदूचं बोलू, कारण गोळी बंद करण्याचं कारण म्हणून मेंदूचंच नाव घेतलं जातं.

अमेरिकेतल्या रिचमंड इथल्या व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठात कार्मेन सातो-बिगबी यांच्या प्रयोगशाळेने या प्रश्नावर काम केलं आहे. मज्जातंतूवर विजेच्या तारेसारखं एक वेष्टन असतं, त्याला मायलिन म्हणतात. ते विणणाऱ्या पेशी म्हणजे ऑलिगोडेंड्रोसाइट. माणसाच्या बाळात हे वेष्टन गर्भारपणाच्या मध्यापासून तयार होऊ लागतं आणि पहिल्या दोन वर्षांत त्याचा वेग सर्वांत जास्त असतो. या गटाने उंदरांच्या माद्यांना गर्भारपणात आणि पिल्लं दूध पीत असताना ब्युप्रेनॉर्फिन दिलं आणि पिल्लांचे मेंदू तपासले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कमी मात्रेत मायलिनची प्रथिनं वेळेआधी आणि जास्त तयार झाली, तर जास्त मात्रेत ती उशिरा आली. काही तंतू जाड झाले, पण त्यांच्यावरचं वेष्टन त्या मानाने पातळ राहिलं. २०१२ मध्ये याच गटाने कारणही दाखवलं. कमी मात्रेत औषध 'म्यू' ग्राहकावर (पेशीवरच्या अफूवर्गीय औषधं पकडणाऱ्या जागेवर) काम करून पेशींना लवकर प्रौढ करतं. जास्त मात्रेत ते नोसिसेप्टिन या मेंदूतल्या रसायनाच्या ग्राहकावर काम करतं आणि त्याचा परिणाम नेमका उलटा होतो. २०१४ साली त्यांनी मेथाडोन या अशाच दुसऱ्या उपचाराच्या औषधाचाही या पेशींवर परिणाम होतो, हे मांडलं.

हे काम मोलाचं आहे आणि ते नीट वाचायला हवं. या प्रयोगातल्या माद्यांना हेरॉइनचं व्यसन नव्हतं. दिवसातून तीन-चार वेळा नशा चढण्याचा आणि उतरण्याचा झोका त्यांच्या पिल्लांनी पोटात सोसला नव्हता. उपाशी आई, तंबाखू, सुईतून आलेला संसर्ग, अपुऱ्या दिवसांची प्रसूती, यातलं काहीच तिथे नव्हतं. औषधाचा परिणाम वेगळा काढून पाहायचा असल्यामुळे प्रयोगाची रचनाच तशी होती. आपल्यासमोरच्या बाईची निवड मात्र "ब्युप्रेनॉर्फिन की काहीच नाही" अशी कधीच नसते. तिची निवड असते ब्युप्रेनॉर्फिन की पुन्हा गर्द. गोळी बंद केलेल्या बाईला पुन्हा व्यसनाकडे ओढ लागते. मग रक्तातली पातळी दिवसातून अनेकदा वर-खाली होते, वारेकडचा रक्तपुरवठा डळमळतो, गर्भाची वाढ खुंटते आणि दिवस भरण्याआधी कळा सुरू होतात. अपुऱ्या दिवसांचं बाळ म्हणजे मायलिनला बसणारा फार मोठा धक्का, हे नवजात शिशूतज्ज्ञांना वेगळं सांगायला नको.

म्हणजे सातो-बिगबी यांचं संशोधन विचारतं ते कोणतं औषध, किती मात्रा आणि कोणत्या दिवसांत. औषध काढून घ्या, असं ते म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २०१४ ची मार्गदर्शक तत्त्वं याबाबत स्पष्ट आहेत: गरोदरपणात व्यसन तोडून टाकण्याचा प्रयत्न करण्याऐवजी मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन चालू ठेवावं.

माणसांवरचे अभ्यास काय सांगतात? एमआरआय केलेल्या काही अभ्यासांत पोटात असताना अफूवर्गीय औषधांचा संपर्क झालेल्या बाळांच्या मेंदूचे काही भाग आकाराने थोडे लहान दिसले आहेत. पण त्या बाळांच्या आयांमध्ये धूम्रपान, गरिबी आणि इतर औषधं यांचं प्रमाण इतकं असतं, की एकट्या उपचारावर बोट ठेवता येत नाही. हा गुंता सोडवण्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने हजारो बाळांच्या मेंदूची वाढ गर्भारपणापासून बालपणापर्यंत मोजत जाणारा मोठा अभ्यास हाती घेतला आहे. दरम्यान आपल्या हातात असलेला भक्कम पुरावा म्हणजे हेंड्री जोन्स आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेली चाचणी. अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रियातल्या १७५ गर्भवतींना चिठ्ठ्या टाकल्यासारखं मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन दिलं गेलं. ब्युप्रेनॉर्फिन घेतलेल्या आयांच्या बाळांना सरासरी १.१ मिलिग्रॅम मॉर्फिन लागलं, मेथाडोनच्या बाळांना १०.४. रुग्णालयातला मुक्काम अनुक्रमे १० आणि १७.५ दिवस. पण त्याच चाचणीत ब्युप्रेनॉर्फिन सोडून जाणाऱ्या बायका जास्त होत्या, ३३ टक्के. मेथाडोनच्या गटात १८ टक्के. म्हणून जी बाई मेथाडोनवर स्थिर आहे, तिचं औषध गरोदर आहे म्हणून बदलू नये. या चाचणीतल्या ९६ मुलांना तीन वर्षांची होईपर्यंत तपासलं गेलं. त्यांची वाढ आणि विकास एकंदरीत अपेक्षित मर्यादेत होता आणि दोन औषधांच्या गटांत ठळक फरक नव्हता.

आता गरोदरपणातल्या मात्रेबद्दल. इथे ओएसटी केंद्रांचे नियम आडवे येतात.

गरोदरपणात रक्ताचं आणि शरीरातल्या पाण्याचं प्रमाण वाढतं, यकृत औषध लवकर संपवतं. सहाव्या-सातव्या महिन्यानंतर तीच मात्रा पुरेनाशी होते. संध्याकाळ झाली की जांभया, नाकाला पाणी, पोटात कळ आणि पायात तोडल्यासारखं दुखणं सुरू होतं. केंद्रातला समुपदेशक "पुन्हा काहीतरी घेतलंय" असा संशय घेतो आणि स्त्रीरोगतज्ज्ञाला ती कळांची सुरुवात वाटते. खरं कारण एवढंच असतं, की सकाळची गोळी रात्रीपर्यंत पुरलेली नाही. उपाय साधा आहे: दिवसाची मात्रा विभागून द्या. रोज ८ मिलिग्रॅम घेणाऱ्या बाईला २ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या सकाळी, दोन रात्री. तरीही त्रास राहिला तर मात्रा वाढवा. बाळाची माघारलक्षणं (जन्मानंतर औषध एकदम थांबल्याने होणारा त्रास) किती तीव्र असतील याचा आईच्या मात्रेशी सरळ संबंध सापडलेला नाही. त्यामुळे "बाळासाठी" मात्रा कमी ठेवून हाती येते ती फक्त आईची तगमग.

पण विभागून द्यायची म्हणजे रात्रीची गोळी घरी द्यावी लागणार. रोज केंद्रात येऊन समोर घ्यायची, हा नियम गैरवापर टाळण्यासाठी आहे आणि तो एरवी योग्यही आहे. बहुतांश पुरुषांच्या रांगेत नवव्या महिन्याच्या बाईने रोज दोनदा उभं राहावं, अशी मात्र कुणाचीच अपेक्षा नसेल. २०२० च्या टाळेबंदीत गोळ्या घरी न्यायला परवानगी दिली गेली होती, म्हणजे यंत्रणेला हे जमतं. गर्भवतीसाठी आणि बाळंतिणीसाठी ही सवलत कायमची करावी, ही आमची एड्स नियंत्रण संस्थांना पहिली मागणी.

केंद्रातल्या परिचारिकांसाठी काही बारीक गोष्टी. ओकाऱ्यांच्या महिन्यांत गोळी उलटून पडली अशी भीती असते. ब्युप्रेनॉर्फिन जिभेखालून शोषलं जातं. गोळीची पूड पाच ते दहा मिनिटांत पूर्ण विरघळली असेल तर नंतर उलटी झाली तरी मात्रा पुन्हा द्यायची गरज नाही. मेथाडोन गिळायचं असतं, तिथे मात्र उलटीची वेळ नोंदवावी लागते. दुसरं, नव्याने उपचार सुरू करताना शेवटची गर्द घेऊन साधारण आठ ते बारा तास होऊन सौम्य टर्की (नशा उतरल्यावरचा त्रास) दिसू लागल्याशिवाय पहिली गोळी देऊ नका. घाईने दिली तर ब्युप्रेनॉर्फिन आधीचं औषध ग्राहकावरून ढकलून देतं आणि एकदम तीव्र टर्की येते. गर्भारपणात तर ती मुळीच यायला नको. नालॉक्सोन (अफूवर्गीय औषधाचा परिणाम उलटवणारं औषध) मिसळलेल्या गोळीवर स्थिर असलेल्या बाईला घाबरवू नका. जिभेखाली ठेवल्यावर नालॉक्सोन फारसं शोषलं जात नाही. अफूवर्गीय औषधांचा परिणाम दीर्घकाळ अडवणारं नाल्ट्रेक्सोन मात्र गरोदरपणात नव्याने सुरू करू नये.

लेबर रूमबद्दल एक गोष्ट भिंतीवर लावावी इतकी महत्त्वाची आहे. कळा कमी करायला आपल्याकडे पेंटाझोसिनचं, म्हणजे फोर्टविनचं इंजेक्शन सहज दिलं जातं. अफूवर्गीय उपचारावर असलेल्या बाईला पेंटाझोसिन, ब्युटॉर्फेनॉल किंवा नाल्ब्युफिन देऊ नका. ही औषधं त्याच ग्राहकावर अर्धवट काम करतात आणि दुसऱ्या औषधाला हटवतात. दहा-पंधरा मिनिटांत बाईला घाम, उलट्या, थरकाप सुरू होतो, नाडी धावते आणि बाळाचे ठोके बिघडतात. मग "फीटल डिस्ट्रेस" (पोटातलं बाळ धोक्यात) म्हणून सिझेरियन होतं आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही. तिची नेहमीची गोळी कळांच्या दिवशीही चालू ठेवा, सिझेरियनच्या दिवशीही. वेदनेसाठी एपिड्युरल किंवा स्पायनल, म्हणजे पाठीतून भूल, आणि प्रसूतीनंतर पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक वेळेवर, मागण्याची वाट न पाहता. तिची रोजची गोळी वेदनाशामक धरू नका. तिला इतरांपेक्षा वेदनाशामक जास्तच लागतं, आणि ते मागितलं म्हणून ती नशा मागतेय असा अर्थ काढू नका.

बाळ जन्मल्यावर श्वास घेत नसेल तर नालॉक्सोन देऊ नका. पोटात असताना ज्या औषधाची बाळाला सवय झाली आहे, ते एका क्षणात हिरावून घेतल्यासारखं होतं आणि बाळाला झटके येऊ शकतात. बॅग आणि मास्कने श्वास द्या, तेवढं पुरतं.

आता काचेबद्दल.

बाळाची माघारलक्षणं कधी दिसतात यावर बरंच अवलंबून आहे. आई गर्द घेत असेल तर बहुधा पहिल्या २४ तासांत. ब्युप्रेनॉर्फिनच्या बाळात ती साधारण ४० तासांच्या आसपास सुरू होतात आणि ७० तासांच्या सुमारास सर्वांत तीव्र होतात. मेथाडोनमध्ये दोन ते तीन दिवसांनी. आपल्याकडे साधी प्रसूती झाली की ४८ तासांत घरी पाठवायची पद्धत आहे. म्हणजे बाळ घरी पोचतं आणि तिसऱ्या दिवशी रात्री त्याची खरी परीक्षा सुरू होते. कर्कश, चिरका रडण्याचा आवाज, हात-पाय थरथरणं, अंग ताठ, साध्या आवाजाने दचकणं, पाठोपाठ शिंका, जांभया, पातळ शी आणि त्याने सोललेली कुल्ल्याची कातडी, तोंडात बोट घातलं की अधाशासारखं चोखणं पण दूध नीट न ओढणं. घरच्यांना वाटतं दृष्ट लागली, पोट दुखतंय. मग घुटी, ग्राइप वॉटर, काही ठिकाणी अफूचा चाटा. शंभरेक वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरणगावात कामाला जाणाऱ्या आया बाळाला अफूची बाळागोळी देऊन झोपवत असत. ती सवय पूर्ण गेली आहे असं समजू नये. म्हणून ब्युप्रेनॉर्फिनच्या बाळाला किमान चार ते सात दिवस आणि मेथाडोनच्या बाळाला पाच ते सात दिवस, आईसकट, रुग्णालयात ठेवावं.

आईसकट हा शब्द आम्ही मुद्दाम लिहिला आहे. १९७५ साली फिलाडेल्फियात लोरेटा फिनेगन यांनी बाळाच्या लक्षणांना गुण देणारी पद्धत बसवली. तिने या बाळांकडे लक्ष वेधलं, हे तिचं मोठं काम. पण तीच पद्धत यांत्रिकपणे वापरताना काय होतं पाहा. शांत झोपलेल्या बाळाला दर तीन-चार तासांनी उठवायचं, दुपटं सोडायचं, दचकतं का ते पाहायचं. उठवलेलं बाळ रडतं, थरथरतं. मग त्याचे गुण आठच्या वर जातात आणि मॉर्फिन सुरू होतं. त्यातून बाळ काचेत असेल तर चोवीस तास दिवे, यंत्रांचे आवाज, वेळोवेळी टोचणं. आई बाहेरच्या बाकावर, हातात काढलेल्या दुधाची वाटी घेऊन. ज्या बाळाला अंधार, ऊब आणि छातीचा ठोका हवा असतो, त्याला आपण नेमकं उलटं देतो.

येल विद्यापीठाच्या रुग्णालयात मॅथ्यू ग्रॉसमन आणि सहकाऱ्यांनी पद्धतच बदलली. बाळ नीट पितंय का, झोपतंय का, शांत होतंय का, एवढे तीनच प्रश्न. २०१७ मध्ये त्यांनी जे आकडे दिले त्यानुसार सरासरी मुक्काम २२.४ दिवसांवरून ५.९ वर आला आणि मॉर्फिन लागणारी बाळं ९८ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर. एका रुग्णालयाचे आकडे म्हणून कुणी शंका घेतली असती, पण २०२३ मध्ये अमेरिकेतल्या २६ रुग्णालयांत १,३०५ बाळांवर झालेल्या चाचणीतही घरी जायला योग्य होईपर्यंतचे दिवस १४.९ वरून ८.२ झाले आणि औषध लागणाऱ्यांचं प्रमाण ५२ वरून १९.५ टक्क्यांवर आलं.

यासाठी महागडं यंत्र लागत नाही, आपल्या परिचारिकांना हे सगळं येतं. दर तीन-चार तासांनी, दूध पाजून झाल्यावर, बाळाला न उठवता पाहायचं. त्याने वयाला साजेसं दूध घेतलं का? पाजल्यावर निदान एक तास सलग झोपलं का? रडलं तर दहा मिनिटांत शांत झालं का? तिन्ही हो असतील, तर अंग थरथरतंय, शिंका येताहेत म्हणून औषध द्यायचं नाही. एक जरी नाही असेल, तर आधी आई, परिचारिका आणि डॉक्टर तिघांनी एकत्र बसून पाहायचं की अजून काय करता येईल.

शांत करण्याचीही एक पायरी-पायरीने पद्धत आहे. आधी बाळाच्या तोंडासमोर येऊन हळू आवाजात बोलायचं. मग त्याचे दोन्ही हात छातीवर जुळवून धरायचे, थरथर तिथेच थांबते. मग मऊ दुपट्यात हात छातीशी घेऊन आवळून गुंडाळायचं. कमरेखाली सैल, पाय हलू द्यायचे. मग उचलून घ्यायचं आणि वर-खाली संथ हलवायचं, झपाझप थोपटायचं नाही. मग स्वच्छ धुतलेलं बोट चोखायला. आणि मग अंगावर. छातीला छाती लावून कांगारू पद्धतीने ठेवलेलं बाळ पाळण्यातल्या बाळापेक्षा सलग झोपतं. खोलीत दिवा मंद, पडदा ओढलेला, भेटायला एक-दोनच माणसं. दूध थोडं थोडं, पण दर दोन तासांनी; अंगावर ओढता येत नसेल तर काढलेलं दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने. वजन रोज करा. या बाळांना दिवसाला किलोमागे १५० ते २५० कॅलरी लागू शकतात, कारण थरथरण्यात आणि रडण्यात ती फार शक्ती घालवतात. जन्मवजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घट झाली तर दुधातल्या कॅलरी वाढवायची वेळ आली. शी पातळ असते म्हणून दर वेळी कोमट पाण्याने पुसून झिंक ऑक्साइडचा जाड थर लावा. सोललेली कातडी चुरचुरते, बाळ त्यानेच रडतं, आणि ते रडणं माघारलक्षणांच्या खात्यात जमा होतं.

एक सावधगिरी. थरथरणारं प्रत्येक बाळ माघारीचं नसतं. साखर आणि कॅल्शियम तपासा. आपल्या भागात जंतुसंसर्ग नेहमीच दारात उभा असतो. माघारीचं बाळ अस्वस्थ, चिडचिडं असतं. मलूल, थंड पडलेलं, दूध सोडून झोपून राहणारं बाळ दिसलं तर तो जंतुसंसर्ग समजूनच उपचार करा.

एवढं करूनही काही बाळांना औषध लागतं. ते मॉर्फिन. फिनोबार्बिटोन हे झटक्यांवरचं औषध कपाटात असतं म्हणून तेच पहिल्यांदा दिलं जातं. त्याने बाळ गुंगतं, पण जुलाब आणि उलट्या थांबत नाहीत आणि दूध ओढणं आणखी मंदावतं. ते जोडीला, गरज पडली तर. मॉर्फिन तोंडाने, ०.०४ मिलिग्रॅम प्रति किलो, दर तीन ते चार तासांनी, श्वास आणि ऑक्सिजनवर लक्ष ठेवून. आणि इथेच सर्वांत मोठी चूक होते. तोंडाने द्यायचं पातळ मॉर्फिन मिळत नाही म्हणून इंजेक्शनची कुपी पातळ करावी लागते. कुपी १० मिलिग्रॅमची आहे की १५ ची, हे मोठ्याने वाचा. दोन्ही बाजारात आहेत. १० मिलिग्रॅमची १ मिलिलिटरची कुपी आणि २४ मिलिलिटर पाणी मिळून एका मिलिलिटरला ०.४ मिलिग्रॅम होतं. तीन किलोच्या बाळाची मात्रा ०.१२ मिलिग्रॅम, म्हणजे या मिश्रणाचे ०.३ मिलिलिटर. हेच ०.३ मिलिलिटर न पातळ केलेल्या कुपीतून गेलं तर बाळाला पंचवीसपट मॉर्फिन जातं आणि श्वास थांबतो. दोघींनी मोजायचं, दोघींनी सही करायची, मिश्रणाच्या सिरिंजवर तारीख, वेळ आणि ताकद लिहायची. बरं वाटायला लागलं की दर एक-दोन दिवसांनी सुमारे दहा टक्क्यांनी उतरवायचं. ज्यांना एकाच मात्रेत आराम पडतो त्यांना पुढची ठरलेली मात्रा द्यायची गरजच नसते.

मॉर्फिन हाताशी असायला रुग्णालयाला मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेचा दर्जा लागतो. २०१४ ची एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यातली दुरुस्ती आणि २०१५ चे नियम यासाठीच आले. राज्यातल्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयाने आणि प्रत्येक एसएनसीयूने हा दर्जा घेतला पाहिजे. कर्करोगाच्या रुग्णांसाठी तर तो हवाच.

दुधाबद्दल फार लिहायला नको: ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन दोन्ही दुधात अत्यल्प उतरतात, पाजण्याने माघारलक्षणं सौम्य होतात, तेव्हा चीक पाजण्यापासून सुरुवात करा. हिपॅटायटिस सी असली तरी पाजता येतं. स्तनाग्र फुटून रक्त येत असेल तेवढे दिवस त्या बाजूचं थांबवायचं. हिपॅटायटिस बी असेल तर बाळाला १२ तासांत लस आणि इम्युनोग्लोब्युलिन. एचआयव्ही असलेल्या आईने एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) घेत सहा महिने फक्त अंगावरचं पाजावं, ही आपल्याकडची पद्धत इथेही लागू. ती अजूनही गर्द घेत असेल, तर मात्र आधी तिला उपचारावर स्थिर करा. तंबाखूबद्दल विचारताना फक्त विडी-सिगारेटचं विचारू नका, मिश्रीचंही विचारा. निकोटीनमुळे वजन घटतं आणि माघारलक्षणं वाढतात. झोपेच्या गोळ्यांचंही विचारा, त्यांची भर पडली की बाळाचा त्रास लांबतो.

विचारण्याच्या पद्धतीबद्दल थोडं. केसपेपरवर "गर्दुल्ली" असा शब्द पडला, की पुढची प्रत्येक परिचारिका आणि प्रत्येक मामा-मावशी त्या बाईशी त्याच शब्दाने वागतात. पोलिसांना कळेल, बाळ काढून घेतील या भीतीने बायका शेवटच्या महिन्यापर्यंत काही बोलत नाहीत. कायदा त्यांच्या बाजूने आहे आणि हे त्यांना सांगायला हवं. एनडीपीएस कायद्याचं कलम ६४अ स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला, अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात, खटल्यापासून संरक्षण देतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २१ सांगतं, की उपचार केंद्रात असलेल्या आईपासून तीन वर्षांखालच्या मुलाला सर्वसाधारणपणे वेगळं करू नये. व्यसनाचे आजारही त्या कायद्यात मोडतात. तरीही बायकांना बाळासकट ठेवून घेणारी व्यसनमुक्ती केंद्रं राज्यात शोधावी लागतात.

आशाताईंकडे या साखळीतला एक मोक्याचा दुवा आहे. रुग्णालयात बाळंत झालेल्या बाईकडे त्यांची पहिली घरभेट तिसऱ्या दिवशी असते, म्हणजे ब्युप्रेनॉर्फिनच्या बाळाची लक्षणं टोकाला पोचतात नेमक्या त्याच दिवशी. लवकर घरी गेलेलं बाळ त्यांनाच पहिल्यांदा दिसणार. पीत नाही, तासभर झोपत नाही, दहा मिनिटांत शांत होत नाही, हे तीन प्रश्न त्यांच्या नोंदवहीत घाला आणि कुणाला फोन करायचा तो नंबरही.

बाळंतपणानंतरचं वर्ष आईसाठी सर्वांत धोक्याचं असतं. मॅसॅच्युसेट्समधल्या नोंदींत अतिमात्रेच्या घटना गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत सर्वांत कमी आणि प्रसूतीनंतर सातव्या ते बाराव्या महिन्यात सर्वांत जास्त आढळल्या. आपण मात्र बाळ हातात आलं की "आता औषध उतरवूया" म्हणतो. ती दिवसा पेंगत असेल तरच मात्रा कमी करा, एरवी वर्षभर हात लावू नका. बाळाची तपासणी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात तीन, सहा, नऊ आणि बारा महिन्यांनी व्हावी. तिरळेपणा आणि बुबुळांची थरथर या बाळांत जास्त आढळते, तेव्हा डोळे आवर्जून पाहावेत.

आरोग्य विभागाकडे आमच्या ठोस मागण्या अशा. गर्भवतीसाठी विभागून आणि घरी नेण्याच्या मात्रेचा लेखी आदेश. प्रत्येक लेबर रूममध्ये एका पानाची सूचना: गोळी चालू, पेंटाझोसिन नाही, बाळाला नालॉक्सोन नाही. उपचारावरच्या प्रत्येक गर्भवतीच्या हाती एक कार्ड, ज्यावर औषध, मात्रा आणि ओएसटी केंद्राचा फोन असेल, म्हणजे रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या तरी ड्युटीवरच्या डॉक्टरला अंदाज बांधावा लागणार नाही. एसएनसीयूशेजारी आईची खाट. जिथे माता-नवजात कक्ष झाले आहेत तिथे या जोड्यांना आधी जागा. आणि ओएसटी केंद्र, प्रसूती विभाग आणि नवजात शिशू विभाग यांची सातव्या महिन्यातच एकत्र बैठक, बाईला समोर बसवून.

पानभर सूचनेचा आणि कार्डाचा मसुदा आम्ही तयार केला आहे. विभागाने वेळ द्यावा, आम्ही तो घेऊन येऊ आणि मॉर्फिन पातळ करण्याचं प्रात्यक्षिक कोणत्याही एसएनसीयूत स्वतः उभे राहून दाखवू.

आपले,
प्रसूती, नवजात शिशू आणि व्यसनोपचार विभागांत काम करणारे काही डॉक्टर, परिचारिका आणि समुपदेशक